मदत हवी आहे: भाची रंगांधळेपणाची वाहक आहे का, कसं कळेल?

लातूरला रेल्वे भरतीची तयारी करणाऱ्या भाच्याला इशिहारा चाचणीत लाल-हिरव्या ठिपक्यांतले आकडे दिसले नाहीत. माझ्या वडिलांनाही हेच होतं. मला नाही, ताईलाही नाही. दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणजे ताई वाहक (स्वतःला रंग नीट दिसतात, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो), इथवर कळलं. (पाहुणे खापर दाजींवर फोडायलेत, पण मुलाला एक्स आईकडूनच येतो!) भाच्याची तपासणी सरकारी दवाखान्यात झालीय, चष्म्याचे सल्ले नकोत.

प्रश्न भाचीचा आहे. दाजींची नजर ठीक, त्यामुळे ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. लाल-हिरव्याची जनुकं शेजारी आणि जवळपास सारखीच, म्हणून डीएनए चाचणी अवघड असं वाचलं. मग ती वाहक आहे की नाही हे रक्त तपासून खात्रीने कळतं का, आणि मराठवाड्यात नमुना कुठे घेतात?