मदत हवी आहे: एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी सेंटरवर व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती ते मोजायची) तपासणी होत नाहीये, ऊसतोडीला जायच्या आत काय करता येईल?

नमस्कार. मावशीला विचारून तिच्यासाठी लिहिते आहे. गाव आणि सेंटर सांगत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे.

ती बऱ्याच वर्षांपासून एचआयव्हीची औषधं घेते. सध्या टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एकच गोळी आहे, रोज रात्री घेते, चुकवत नाही. काका गेल्यापासून ती मामाच्या टोळीबरोबर अर्धा कोयता (जोडीशिवाय एकटी मजूर) म्हणून ऊसतोडीला जाते. दिवाळीच्या सुमारास गेली की कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही.

मागच्या वर्षी तिचा व्हायरल लोड झालाच नाही. त्याआधीच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नव्हता. यंदा विचारलं तर सेंटरवरच्या ताई म्हणाल्या, किट आलेली नाहीत, पुढच्या महिन्यात बघू, घाई असेल तर बाहेरून करून घ्या. बाहेर म्हणजे खासगी लॅब आणि काही हजार रुपये. मावशीची उचल घराच्या पत्र्यांत गेली. फडावरून तपासणीसाठी परत यायचं तर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा आणि खाडा पडून पैसे कापले जातात ते वेगळंच.

ही तपासणी सरकारी खर्चाने व्हायला हवी ना? दर वर्षी? आणि ती तिकडे कोल्हापूर-सांगलीकडे असताना तिथल्या सेंटरवर रक्त देऊ शकते का? मुकादमाला किंवा टोळीत कुणाला काही कळता कामा नये, ही तिची सगळ्यात मोठी धास्ती आहे.

पैसे जमवून द्या असं म्हणत नाहीये. रस्ता कळला तरी पुष्कळ.

प्रतिसाद १ (पूर्वी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी व सल्ला केंद्रात, समुपदेशक)

ताई, बाहेरून करू नका, निदान इतक्यात तरी नाही. ही तपासणी मोफत आहे. पूर्वी औषध लागू पडत नाहीये असा संशय आला तरच व्हायरल लोड करत. फेब्रुवारी 2018 पासून नॅकोने (केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेने) औषधावर असलेल्या सगळ्यांसाठी ती नियमित केली. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे दर वर्षी एकदा. म्हणजे मावशींची तपासणी थकलेली आहे आणि ती मागणं हा काही हट्ट नाही.

सेंटरवर गेलात की तोंडी विचारून परत येऊ नका. ग्रीन बुक (रुग्णाजवळ असणारं उपचारांच्या नोंदीचं पुस्तक) समोर ठेवून शेवटच्या व्हायरल लोडची तारीख दाखवा आणि डॉक्टरांना सांगा की या हंगामात स्थलांतर करतात, नमुना जायच्या आधी घ्या. रक्त सेंटरवरच घेतात, उपाशी राहावं लागत नाही. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करून थंड ठेवून लॅबला पाठवावा लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी नमुन्याचे वार ठरलेले असतात. तो वार आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो.

तिकडे असतानाचं म्हणाल तर ग्रीन बुक दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवरून औषध मिळतं. जास्त महिने राहायचं असेल तर रीतसर ट्रान्सफर करून घेता येते. पण तपासणी जायच्या आधी झालेली बरी.

प्रतिसाद २

इतकी वर्षं गोळ्या नीट चालू आहेत, मागचा रिपोर्टही चांगला, मग एखादं वर्ष चुकलं तर एवढं काय? सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघितला तर चालणार नाही का?

प्रतिसाद ३ (पुन्हा समुपदेशक)

नाही चालणार. औषध काम करेनासं झालं तर आधी विषाणू वाढतो आणि सीडी4 त्यानंतर कधीतरी उतरतो. तोवर बाई धडधाकट दिसते, ऊस तोडत असते. व्हायरल लोड एका मिलिलिटरमागे एक हजार कॉपी (विषाणूच्या प्रती) किंवा त्याहून जास्त आला तर गोळ्या कशा घेतल्या जातात यावर समुपदेशन होतं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तरीही जास्तच राहिला तर औषध बदलायचा विचार होतो. ती वेळ येऊ नये म्हणून तर वर्षातून एकदा बघायचं. गोळी रोज घेणाऱ्या बाईला ती लागू पडतेय हे कळायचा हक्क नाही का?

प्रतिसाद ४

किट नाहीत हेच उत्तर पुन्हा मिळालं तर डॉक्टरांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. रुग्णाचं नाव न सांगता 1097 या मोफत हेल्पलाइनवरही विचारता येतं. तरीही हललं नाही तर वडाळ्याच्या महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे लिहा.

2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तपासणी आणि औषधांची सोय सरकारने करायची असं त्यात आहे, पण 'शक्य तितकी' असे शब्द घातलेत, त्यामुळे तेवढ्यावर कोर्टात भांडणं सोपं नाही. गुप्ततेबद्दल मात्र तो पक्का आहे, कोर्टाचा आदेश किंवा उपचारांची गरज असे मोजके अपवाद सोडले तर मावशींच्या संमतीशिवाय त्यांची स्थिती कुणी कुणाला सांगू शकत नाही. भेदभाव किंवा आरोग्यसेवेबाबत कायदा मोडला तर याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे (ओम्बुड्समन) तक्रार करता येते, त्यांनी 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी मीच गावी जाते आहे. मावशीबरोबर ग्रीन बुक घेऊन डॉक्टरांना भेटेन, अर्जही लिहून ठेवला आहे. एक राहिलं: नमुना दिला आणि रिपोर्ट ती गेल्यावर आला, तर तिच्या संमतीपत्रावर तो मला मिळेल का? तिच्याजवळचा फोन टोळीत सगळेच वापरतात, त्यावर कुणी कळवायला नको आहे.

प्रतिसाद ५ (समुपदेशक)

नमुना देतानाच दोघी मिळून समुपदेशकांना भेटा. संपर्कासाठी तुमचा नंबर लिहायला सांगा आणि मावशींची संमती लेखी द्या. जुना नंबर खोडला का, तेही समोर उभं राहून बघा.