अमावास्या, उधाण आणि आकाश

समुद्रकिनारी तारे बघायला जायचं तर अमावास्येच्या आसपास जा, असा सल्ला देतात आणि तो अगदी बरोबर आहे. फक्त त्याला एक जोड हवी. अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असतं आणि एकदोन दिवसांनी भरतीची रेषा सगळ्यात वर चढते. म्हणजे आकाश जेव्हा सर्वात काळंभोर, नेमकं तेव्हाच पाणीही सर्वात आत येतं. त्यामुळे भरतीची वेळ बघूनच वाळूवर चटई टाका, आणि गाडी वाळूत अजिबात उतरवू नका. वर बघत पडलं की पाण्याकडे लक्ष राहत नाही.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकदा हेडलाइट लावला की सगळं पहिल्यापासून. मोबाईल हवाच असेल तर पडदा लाल करून घ्या.

क्षितिजालगतचे तारे पुसट दिसले तर निराश होऊ नका. तिथला प्रकाश हवेच्या कितीतरी जाड थरातून येतो, त्यात समुद्रावरची दमट हवा. मान वर करा, डोक्यावरचं आकाश जास्त स्वच्छ असतं. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) शोधताना तर थेट रोखून बघूच नका. नजर किंचित बाजूला ठेवली की तो धूसर ठिपका अलगद उमटतो. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मला तरी याहून मोठं काही वाटत नाही!

दुर्बिणीच्या भिंगावर खारट दव साचतं. ते कोरड्या कापडाने घासू नका, ओरखडे पडतात.