मदत हवी आहे: डी अँड डीचे हाऊस रूल्स, मुख्यतः लाँग रेस्टचं काय करू?

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकत, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची, तो खेळ) रविवारचा अड्डा आहे. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियम सांभाळणारा, मीच. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. टेबलावर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, भांडण मात्र मिसळूनच होतं. फरशीवर खडूनं चौकोन आखायचे आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे मिनिएचर म्हणून उभे करायचे, एवढाच सरंजाम. (ज्याचा भाला मोडलाय तो आमचा विझर्ड, म्हणजे जादूगार.) आता नवी मोहीम सुरू करायची आहे. त्याआधी हाऊस रूल्स, म्हणजे आपल्या टेबलापुरते नियम, कागदावर उतरवून टाकावेत म्हणतोय, नाहीतर ऐन लढाईत वाद सुरू होतात.

पोशन स्वतः प्यायला बोनस ॲक्शन (मुख्य कृतीखेरीजची जादा छोटी कृती), हे सगळ्यांना मान्य आहे. २०२४च्या नियमांतही तसंच केलंय.

फंबल मी बाद केलाय. नॅचरल १ (वीस बाजूंच्या फाशावर थेट एक) पडला की तलवार हातातून सुटायची, हे आमच्या फायटरला मजा म्हणून हवं होतं. त्याला म्हटलं, बाबा, हे तुझ्याच मुळावर येणार. पाचव्या लेव्हलला तुला दोन वार मिळतात, म्हणजे फेरीत एकदा तरी १ पडायची शक्यता ५ टक्क्यांवरून पावणेदहावर गेली. विसाव्या लेव्हलला चार वार, तेव्हा साडेअठरा. फायरबॉल टाकणारा अटॅकचा फासा टाकतच नाही, सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, समोरच्यानं टाकायचा. हात बसत जाईल तशी तलवार जास्त वेळा पडणार, हा कुठला न्याय?

फ्लँकिंगला ॲडव्हान्टेजऐवजी (दोन फासे टाकून मोठा धरायचा) सरळ +२ द्यावं असं वाटतंय. नुसतं शत्रूच्या दोन बाजूंना उभं राहून ॲडव्हान्टेज मिळायला लागला तर बार्बेरियननं रेकलेस अटॅक करून (ॲडव्हान्टेज मिळतो, पण शत्रूलाही त्याच्यावर मिळतो) मार कशाला खायचा?

खरी डोकेदुखी रेस्टची, म्हणजे विश्रांतीच्या नियमांची आहे: एक तासाच्या शॉर्ट रेस्टनं थोडी ताकद परत येते, आठ तासांच्या लाँग रेस्टनं जवळजवळ सगळी. मोहीम प्रवासाची आहे आणि जंगल रचताना खानापूरच्या पुढचा भीमगडचा भाग डोळ्यासमोर होता: पावसाळा, जळवा, ओढ्याला पाणी, वाट गवतात बुडालेली. अशा ठिकाणी दिवसाला फार तर एक चकमक होणार. पुस्तक मात्र दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी पेलतील असं धरून चालतं. मग होतं काय, विझर्ड सगळे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा मोजका साठा) त्या एकाच लढाईत ओतून मोकळा, आठ तास झोपला की सकाळी पुन्हा भरलेला. फायटर, मॉन्क, वॉरलॉक यांचा जीव शॉर्ट रेस्टवर. लढाईच एक म्हटल्यावर त्यांना त्याचा उपयोग शून्य.

डीएम गाईडमधला ग्रिटी रिअलिझम हा पर्यायी नियम वाचला. त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. गणित बसतं, पण मेज आर्मर हा संरक्षणाचा स्पेल चालतो आठच तास, तोही आता आठवड्याच्या हिशेबात पुरवायचा. शिवाय सात दिवस पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, गावात लोळत पडली तर खलनायकानं काय तोवर पत्ते कुटायचे?

म्हणून मधला मार्ग काढलाय. शॉर्ट रेस्ट नेहमीसारखी एक तासाची. लाँग रेस्टही आठच तासांची, पण ती छप्पर, चूल आणि पहारा असेल तिथंच लागू: गाव, देऊळ, गड. उघड्यावर झोपलं तर फक्त शॉर्ट रेस्टचे फायदे. यानं गडाला किंमत येते, किल्लेदाराशी नीट बोलावं लागतं, हे मला फार आवडलंय.

आता अडलेलं सांगतो. एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी उतरते ती लाँग रेस्टनं. चार दिवस जंगलात काढले आणि कुणी तिसऱ्या पायरीवर गेलं तर ते उतरवायचं कसं? उघड्यावरच्या झोपेनंही एक पायरी कमी होऊ द्यावी का, की मग नियमातला दमच गेला?

आणि दुसरं, टायनी हट, म्हणजे रात्रभर आसरा देणारा जादूचा घुमट. आमची विझर्डवाली वकिलीच शिकते. पाचव्या लेव्हलला तो स्पेल घेणार, रिच्युअल म्हणून स्लॉट न खर्चता रोज टाकणार आणि विचारणार, ‘हे छप्पर नाही तर काय आहे?’ नाही म्हटलं तर स्पेलची हवा काढली, हो म्हटलं तर नियमाची. कुणी असा नियम खरोखर टेबलावर चालवला असेल तर हटचं काय केलंत, तेवढं सांगा. पहिल्या सेशनच्या आधीच तिला सांगितलेलं बरं.