४के मॉनिटरमध्ये व्हीआरआरसाठी १६ हजार जास्त मोजायचे? मला तरी पटत नाहीये

आळशी_गेमर
मंडळी, तीन आठवडे झाले मॉनिटर बघतोय आणि आता डोक्याला शॉट झालाय. दिवसा त्याच स्क्रीनवर कोडिंग, रात्री गेम, तेही निवांत स्टोरीवाले, ऑनलाइन मारामारी आपल्याला झेपत नाही. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०. साइज २७ इंच फिक्स, टेबल लहान आहे. आत्ता हातात असलेले भाव: ४के (३८४०×२१६० पिक्सेल) ६० हर्ट्झ (म्हणजे स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते) २२ हजार, १४४०पी (२५६०×१४४०) १८० हर्ट्झ १८ हजार, आणि ४के १६० हर्ट्झ, व्हीआरआर (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणं) वगैरे सगळं असलेला, ३८ हजार.
आता माझं म्हणणं असं की माझं कार्ड ४के ला जड गेममध्ये सेकंदाला ४५ ते ७० फ्रेम (चित्रं) देणार, मग १६० हर्ट्झ घेऊन करू काय? म्हणजे भारीतली गाडी घ्यायची आणि संध्याकाळी सिंहगड रोडला फर्स्ट गिअरमध्ये रांगायचं. ४के ६० घेतो आणि वरच्या १६ हजारात एसएसडी न् चांगली खुर्ची. चुकत असेन तर सांगा, पण भाषण नको, हिशोब द्या.

फ्रेमवाला
चुकताय. आणि गंमत म्हणजे ४५ ते ७० फ्रेम येतात म्हणूनच चुकताय.
६० हर्ट्झचा साधा पॅनल दर १६.७ मिलिसेकंदाला चित्र बदलतो. तुमच्या कार्डाला एखादी फ्रेम बनवायला १८ लागले की ती बस चुकली, व्ही-सिंक (फ्रेम पॅनलच्या ठोक्यालाच दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर पुढच्या बसची वाट, म्हणजे तेच जुनं चित्र थेट ३३.३ मिलिसेकंद. डोळ्याला जो झटका बसतो तो हाच. व्ही-सिंक बंद केलं तर चित्र मधून फाटतं. व्हीआरआरमध्ये उलटं होतं, फ्रेम तयार झाली की पॅनल बदलतो, बस प्रवाशासाठी थांबते.
आता कोणी म्हणेल ६० हर्ट्झवाल्या बऱ्याच ४के मॉनिटरवरपण फ्रीसिंकचा (एएमडीच्या व्हीआरआरचा) स्टिकर असतो. असतो ना, पण रेंज बघा, म्हणजे व्हीआरआर किती हर्ट्झपासून कितीपर्यंत चालतं ते, ४० ते ६०. ३५ फ्रेमवर आलात की खेळ खलास. ४८ ते १६० रेंजवाल्यात ३५ वर आलात तर तो प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, ७० हर्ट्झवर, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ४०-६० वाला ही युक्ती करूच शकत नाही कारण ३५ दुणे ७० आणि छत ६० चं. वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा, जमलं तर अडीचपट. १६० हर्ट्झ हे १६० फ्रेम काढायला घ्यायचेच नसतात तुमच्यासारख्याने, खाली पडल्यावर सावरायला घ्यायचे.

खर्चिक_काका
झालं, सुरू झाली विक्री. अरे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फ्रेम कार्ड बनवतं, मॉनिटर नाही. ४० फ्रेम त्या ४०च, त्यांना व्हीआरआरचा मुलामा दिला म्हणून त्या ८० होत नाहीत, माऊस तेवढाच जड लागतो. ही कमजोर कार्डाची कुबडी आहे. १६ हजार बाजूला ठेव, पुढच्या वर्षी जुनं कार्ड विकून त्यात घाल. तोवर सेटिंग अल्ट्रावरून मीडियमला आण आणि ६० वर लॉक कर. आम्ही अर्धं आयुष्य असंच खेळलो, कोणाचे डोळे गेले नाहीत.
आणि शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना जो गचका बसतो तो व्हीआरआर घालवतं का? नाही. एल्डन रिंग हा गेम पीसीवर ६० च्या वर जातच नाही, तिथे तुझे १६० काय कामाचे?

फ्रेमवाला
काका, गचक्याबद्दल सहमत, तो जात नाही. पण ६० वर लॉक करायचं तर एकही फ्रेम १६.७ च्या वर जाता कामा नये, आणि ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, १४४०पी च्या सव्वादोनपट. नुसतं मीडियम करून प्रत्येक सीनमध्ये हे पाळलं जात नाही, बाजारात गर्दी आली की ५४. आणि कुबडी म्हणालात ते मान्यच, पाय मोडलेल्यालाच कुबडी लागते की.

बिनपगारी_तज्ज्ञ
दोघेही एक गोष्ट विसरताय. ते १६ हजार व्हीआरआरचे नाहीतच.
थोडी जुनी गोष्ट. ऑक्टोबर २०१३ मध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपलं व्हीआरआर, जी-सिंक, आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागायचं, एफपीजीए (हवी तशी प्रोग्रॅम करता येणारी) चिप, स्वतःची मेमरी, आणि त्याचा बोजा गिऱ्हाइकावर. २०१८ मध्ये एसर आणि असुसचे २७ इंची ४के १४४ वाले आले, २००० डॉलर एकेक, आत थंड करायला चक्क पंखा, आणि एवढं करून डिस्प्लेपोर्ट १.४ (मॉनिटर जोडायचं कनेक्शन) अपुरा पडत होता म्हणून पूर्ण १४४ ला रंगांची माहिती कापून पाठवायचे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. इकडे व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्येच व्हीआरआरचं खुलं मानक अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टमध्ये घातलं होतं, एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच, परवाना फी शून्य. शेवटी जानेवारी २०१९ ला एनव्हिडियानेही नमतं घेतलं आणि आपल्या कार्डांवरून असल्या मॉनिटरवरही व्हीआरआर चालू दिलं.
म्हणजे आज व्हीआरआर जवळपास फुकट येतं. पैसे जातात ते वेगवान पॅनलचे. एएमडीने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले, ४के मॉनिटरला फ्रीसिंकचा शिक्का हवा तर किमान १२० हर्ट्झ लागतील म्हणून, ते उगाच नाही. तेव्हा शिक्क्याला एक पैसा जास्त देऊ नका, रेंजला द्या.

तिखट_मिरची
रेंज रेंज करताय पण पॅनलचा प्रकार कोणीच विचारला नाही. मी मागच्या वर्षी व्हीए (एलसीडीचा एक प्रकार, काळा गडद दाखवणारा) पॅनलवाला घेतला, कागदावर ४८ ते १६५, स्वस्तात मिळाला म्हणून खुशीत. पहिल्याच रात्री गुहेतला सीन, मशाल हातात, आणि मागची करडी भिंत ट्यूबलाइट जायला आल्यासारखी लुकलुकतेय. लोडिंग स्क्रीनवर तर विचारू नका. फ्रेम वरखाली झाल्या की पॅनलचा उजेडही बदलतो, गडद करड्या रंगात जास्त दिसतं, ओएलईडीलाही हे होतं. दुकानदार म्हणाला ताई सेटिंग बंद करा. म्हणजे ज्यासाठी घेतला तेच बंद! आयपीएस (एलसीडीचाच दुसरा प्रकार) घ्या, काळा रंग जरा राखाडी दिसेल पण डोकं दुखणार नाही.
आणि माझं मत विचाराल तर १४४०पी १८० घ्या, १८ हजार, विषय संपला.

आळशी_गेमर
ताई, १४४०पी चा विचार केला होता पण दिवसभर अक्षरं वाचायचीत. ४के वर एकदा कोड बघितला की मागे जाववत नाही.

बिनपगारी_तज्ज्ञ
मग ४के च घ्या. गेममध्ये डीएलएसएस (एनव्हिडियाची छोटं चित्र मोठं करायची सोय) परफॉर्मन्सवर टाका, आतून १०८०पी च बनतं आणि वर ताणलं जातं, ४०७० ला झेपेल. फक्त ४के पॅनलवर विंडोजमधून १४४०पी लावू नका, दीडपट ताणलं जातं आणि सगळं धुरकट.

सोफ्यावरचा_बाजीराव
पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) जोडायचा असेल कोणाला तर लक्षात ठेवा, व्हीआरआर एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून आहे आणि तेही एचडीएमआय २.१ च्या व्हीआरआरवरच, नुसत्या फ्रीसिंकवर नाही. आणि खोक्यावर २.१ छापलं म्हणजे व्हीआरआर असेलच असंही नाही, ते ऐच्छिक आहे.
अवांतर: ३२ इंचाच्या वरचा बघणाऱ्यांनो, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, दुकानदार जुना भाव सांगत असेल तर भांडा.

आळशी_गेमर
अपडेट. रविवारी मित्राकडे जाऊन बसलो, त्याच्याकडे असाच आयपीएस ४के १६० आहे. आधी अर्धा तास काही फरकच कळेना आणि मी मनात काकांना पेढे वाटले. मग बघितलं तर एचडीएमआयची जुनी केबल लावलेली आणि मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक ऑफ! गडी आठ महिने तसाच खेळत होता. डिस्प्लेपोर्ट लावली, ऑन केलं, त्याच चौकात पुन्हा कॅमेरा गोल फिरवला. कोपऱ्यात आकडा ५२-४७-५५ नाचत होता आणि कठडा, खिडक्या, तारा सगळं लोण्यासारखं सरकत होतं. परत ६० हर्ट्झ व्ही-सिंकवर आणलं तर तोच कठडा अडखळत चालला. आठ महिने वाया गेले म्हणून मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता.
काका, माऊस जड लागतो हे मात्र खरं, ४७ ला लागतोच. पण ३८ वाला घेतोय. खुर्ची दिवाळीनंतर.

खर्चिक_काका
घे बाबा, हौसेला मोल नाही. तीन महिन्यांनी १६० च्या पॅनलवर ५० चा आकडा खुपायला लागेल आणि कार्ड बदलायची खाज सुटेल, तेव्हा याच धाग्यावर ये, मी इथेच आहे.

तिखट_मिरची
काका, तुमच्याकडे स्वतःकडे कुठला मॉनिटर आहे ते नाही सांगितलंत?

खर्चिक_काका
मुलाचा आहे. १४४ हर्ट्झ. मी फक्त रात्री बसतो.