झेनर नको, आणि शॉटकीही ऊन बघूनच लावा

टाकीची पातळी मोजणाऱ्या सेन्सरकडून जास्त व्होल्टेज आलं तर बोर्डाची एडीसी पिन (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी) कशी वाचवायची, असा विषय आहे. त्यावर 'एडीसीच्या पिनवर ३.३ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की करंट वळवणारा डायोड) टाकला की झालं' असं कुणी म्हटलं, ते पटलं नाही. एवढ्या कमी व्होल्टेजचे झेनर मुळात ढिले असतात. डेटाशीटमधले ३.३ व्होल्ट हे साधारण ५ मिलिअँपला मोजलेले. दोन-अडीच व्होल्टलाच ते थोडाथोडा करंट खायला लागतात, म्हणजे पिन वाचेल पण रीडिंग वाकडं. त्यापेक्षा १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि पुढे बॅट५४एस (जादा व्होल्टेज ३.३ च्या लाइनकडे किंवा ग्राउंडकडे वळवणारी शॉटकी डायोडची जोडी), हा दुसऱ्यांनी दिलेला सल्ला बरा.

पण त्यातही एक गोम आहे, ती इथे कुणी काढलेली दिसत नाही. शॉटकीचा लीकेज करंट (डायोड बंद असतानाही झिरपणारा) तापमान दर १० अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होतो. आमच्याकडे नागपुरात नवतप्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास; गच्चीवरच्या टाकीजवळ पत्र्याचा डबा असेल तर आत किती, ते हात लावून बघा (नकाच लावू). लीकेज १० मायक्रोअँपवर गेला तर १० किलोओहमवर ०.१ व्होल्ट पडतो, १२ बिटच्या एडीसीत सव्वाशेच्या आसपास काउंट (एडीसीच्या आकड्यातल्या पायऱ्या). सेन्सर ठणठणीत, तरी दुपारी पातळी सरकलेली दिसते. अशा जागी मी बीएव्ही१९९ (कमी लीकेजची डायोड जोडी) लावतो. साधा सिलिकॉन असल्याने तो उशिरा, म्हणजे जरा जास्त व्होल्टेजला क्लॅम्प करतो (व्होल्टेज अडवतो), म्हणून डायोड आणि पिन यांच्यामध्ये आणखी १ किलोओहम. आणि बोर्ड स्लीपमध्ये असेल तर क्लॅम्पचा करंट ३.३ ची लाइनच वर ढकलतो, साधा रेग्युलेटर तो गिळत नाही. लाइनवर छोटा ब्लीडर रेझिस्टर (तो जादा करंट ग्राउंडकडे सोडणारा) ठेवा.