सांगलीतली कॉन्व्हेंट शाळा : उपवासकाळ ते ईस्टर, नियोजन कसं करावं?

कृष्णाकाठचा_मास्तर

पाचवी ते नववीची साधारण तीनशे मुलं. त्यात कॅथलिक थोडीच. बाकी हिंदू, जैन, मुस्लिम आणि मिरजेकडची काही प्रोटेस्टंट. २०२७ च्या उपवासकाळाच्या (लेंट, ईस्टरआधीचे चाळीस दिवस) कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडं आली आहे, आणि मी ख्रिस्ती नाही. राखेचा बुधवार (कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो तो दिवस), मैदानावर जिवंत क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातले चौदा प्रसंग, म्हणजे 'स्थानं', मुलांनी वठवायची), दानासाठी 'रोज एक मूठ धान्य' आणि ईस्टरचा खाऊ, एवढं सिस्टरांनी सांगितलंय. शाळेतला जुना क्रूस भरीव सागवानी आहे, दोन मोठ्या मुलांनाही उचलत नाही. खाऊत अंडं चालणार नाही, निम्म्या डब्यांत कांदा-लसूणही नसतो. कुठून सुरुवात करू?

वेदीसेवक_सातारा

आधी कॅलेंडर घेऊन बसा. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. क्रुसाची वाट शुक्रवारी करायची रीत आहे, पण सगळे शुक्रवार हाती लागत नाहीत. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी. १९ मार्चला संत जोसेफचा सण. त्या दिवशी शुक्रवार असूनही मांस वर्ज्य नसतं, तिथं येशूच्या दुःखसहनाचा कार्यक्रम विजोड दिसतो. १२ मार्च धरा, तोवर ईदही होऊन गेलेली असेल. त्यापुढं ढकलू नका. त्या वर्षी होळी पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीचा आठवडा) तोंडावर येतेय आणि आपल्याकडची रंगपंचमी थेट गुड फ्रायडेच्या आसपास. मुलं रंगात असताना तालमीला कोण येणार?

शाळा दहावीचं केंद्र असेल तर अकराला पेपर सुरू होतो. स्पीकर आणि गाणी साडेनऊच्या आत आटपा. उन्हाच्या दृष्टीनंही तेच बरं.

राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची करतात. घराघरांत क्रुसामागं खोचून ठेवलेल्या असतात, त्या जानेवारीअखेर मागवून घ्या. पात्याचे हीर आधी काढून टाका, ते अर्धवट जळतात आणि राखेत काड्या राहतात. लोखंडी घमेल्यात जाळा, पूर्ण गार होऊ द्या, खलात कुटा आणि मलमलीतून दोनदा चाळा. चाळलेली तीन-चार चमचे राख तीनशे कपाळांना पुरते. पाणी घालू नका. राखेतले क्षार पाण्यात उतरले की ते मिश्रण कातडी भाजतं, लहान मुलांच्या कपाळावर लाल चट्टे उठतात. कोरडी राख चिकटत नसेल तर खोबरेलाचे एक-दोन थेंब पुरेत.

आशीर्वाद फादरांनीच द्यायचा, लावायला सिस्टर मदत करू शकतात. राख कॅथलिक नसलेल्यालाही घेता येते, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) मात्र नाही. हे मुलांना आदल्या दिवशी वर्गातच सांगा, ऐन रांगेत हात आखडता घेतला की मूल हिरमुसतं. प्रोटेस्टंट घरांत राखेची पद्धत बहुधा नसते, त्यांना आग्रह नको.

आणखी एक, प्रार्थनेच्या गाण्यांची यादी तपासा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) 'आलेलुया' गात नाहीत. गाण्याच्या शेवटी तो शब्द हमखास निसटतो.

पालकसभा

वरच्या सगळ्याआधी संमतीपत्रक. शाळा अल्पसंख्याक संस्था असली तरी, मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धार्मिक उपासनेत भाग घ्यायला अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते; राज्यघटनेचं कलम २८(३). 'सर्व कार्यक्रमांस संमती' असं मोघम लिहू नका. राख, क्रुसाची वाट, धान्य, खाऊ अशा चार ओळी आणि प्रत्येकीपुढं हो/नाही. धान्याला बहुतेक सगळे हो म्हणतात, राखेला नाहीत. एकच चौकोन ठेवला तर धान्यालाही नकार येतो. जी मुलं येणार नाहीत त्यांना ग्रंथालयात किंवा चित्रकलेला बसवा. रिकाम्या वर्गात बसवलं की शिक्षा झाल्यासारखं वाटतं.

उपासाचंही तसंच. कॅथलिक नियमात मांस वर्ज्य करणं चौदाव्या वर्षापासून आणि उपास अठराव्या वर्षापासून. पाचवीच्या पोराला उपाशी ठेवायचं काही कारण नाही. त्याच दिवसांत मुस्लिम मुलांचे रोजे असतील, दुपारच्या पीटीची वेळ त्यांच्यासाठीही बघा.

रंगमंच_मागचा

क्रुसाबद्दल. सात फूट उभा, चार फूट आडवा, चार इंच जाडीचा भरीव सागवान वीस किलोच्या वर जातो. तो भिंतीलाच शोभतो. त्याच मापाचा पोकळ करून घ्या: ६ मिलिमीटर प्लायच्या चार पट्ट्या, आत दर दीड फुटाला एक आडवा ठोकळा, कडांना फेव्हिकॉल आणि ठोकळ्यांत स्क्रू. खिळे नकोत, क्रूस आपटला की ते बाहेर येतात. वजन पाच-सहा किलोंत बसतं. जोडावर आतून एक इंची पट्टी टाकाच. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर येशू पडतो, आणि प्रत्येक वेळी दणका त्या जोडालाच बसतो. जमिनीवर घासणाऱ्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा ठोका, नाहीतर मैदानातल्या खड्यांनी प्लायचे पापुद्रे सुटतात. वरून काळपट वुड स्टेन. ऑइलपेंट लावाल तर उन्हात हाताला चिकटतो.

चौदा स्थानं, प्रत्येकी दोन मिनिटं वाचन-प्रार्थना आणि चालताना एक कडवं; पाऊण तास होतो. स्थानांमधलं अंतर वीस पावलांपेक्षा जास्त ठेवू नका, गाणं संपतं आणि नुसती धूळ उडत राहते. वाचणारं मूल चालत नसावं. माईक एका जागी, वाचणारी दोनच मुलं. येशू झालेल्या मुलाच्या पायात कातडी रंगाचे मोजे घाला, अनवाणी नको. रक्ताला कॉर्नफ्लोअर, पाणी आणि खाण्याचा रंग. कुंकू घामाबरोबर डोळ्यात उतरतं. चाबूक सुती दोरीचा, आणि तो जमिनीवर मारायचा. शिपाई झालेली आठवीची मुलं रंगात आली की खरंच हाणतात, तालमीलाच दम द्या.

कृष्णाकाठचा_मास्तर

क्रूस तासगावच्या सुताराकडून करून घेतो. धान्याचं आणि खाऊचं कुणी सांगेल का?

कोठीघर

मुलाची एक मूठ म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम. चाळीस दिवसांचं किलोभर, तीनशे मुलांचं तीन क्विंटल, म्हणजे पन्नास किलोची सहा पोती. तेवढी जागा आधी बघा.

'काहीही आणा' म्हणू नका. नवा तांदूळ, जुना तांदूळ, इंद्रायणी, कोलम एका पोत्यात पडले की भात अर्धा गिच्च, अर्धा कच्चा होतो आणि घेणारी संस्था ते बाजूला ठेवते. ज्वारीच घ्या. सांगली-साताऱ्यात घरोघरी असते, आणि वाण मिसळले तरी दळताना काही बिघडत नाही. पीठ घेऊ नका, मार्चच्या उन्हात अळ्या होतात. मूल घरी डब्यात साठवेल, शाळेत आठवड्यातून एकदा, सोमवारी आणेल. रोज आणायला सांगितलं की दप्तरात सांडतं. पोती भरण्याआधी ज्वारी दोन दिवस उन्हात वाळवा, सोंडे कमी होतात. पोती फरशीवर नकोत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब.

वर्गावर्गांत 'कुणाचं जास्त' असा तक्ता लावायचा मोह होतो. लावू नका. ज्या घरात महिन्याची ज्वारीच मोजून येते तिथलं मूल त्यात उघडं पडतं.

वेदीसेवक_सातारा

खाऊ कधी वाटायचा तेही सांगून टाकतो. बऱ्याच शाळा सुट्टीआधी म्हणून पवित्र गुरुवारीच ईस्टर उरकतात. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, आणि शाळेत आदल्या दिवशी 'हॅपी ईस्टर'! ईस्टरचा काळ पुढं पन्नास दिवस चालतो. २९ किंवा ३० मार्चला वाटा.

बेकरीगल्ली

चॉकलेटची अंडी आपल्याकडच्या उन्हात पेटीतच वितळतात. काजूच्या मार्झिपानची अंडी करा. पारंपरिक कृतीत अंड्याचा पांढरा बलक असतो, पण पाकावर केलं तर त्याची गरज नाही.

काजू २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी ८० मिली, तूप एक चमचा, थोडं गुलाबपाणी. काजू फ्रिजमधले असतील तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि गोळा तुपकट होतो. पूड चाळा. एकतारी पाक करा, गॅस मंद ठेवून पूड घाला, कडा सुटेपर्यंत हलवा, शेवटी तूप आणि गुलाबपाणी. कोमट असतानाच मळा. चिरा पडल्या तर दुधाचा हात लावा. फार सैल राहिलं तर पुन्हा दोन मिनिटं गॅसवर. तूप लावलेल्या साच्यात अर्धी अर्धी अंडी दाबा, तासाभरानं जोडा. १२ ग्रॅमचं एक धरलं तर या मापात पस्तीसेक होतात. तीनशे मुलांना नऊ घाणे. दुधाचा हात लावलेली अंडी दोन दिवसांत संपवा. आणि काजूची ॲलर्जी कुणाला आहे का, ते संमतीपत्रकावरच विचारून घ्या; त्या मुलांना कंदी पेढा.