मदत हवी आहे: संमती घ्यायला डॉक्टरांऐवजी कोणाला बसवता?

नमस्कार मंडळी, विभागीय सरकारी रुग्णालयात औषधचाचणीचं समन्वयाचं काम बघते. आमच्याकडे उपचार करणारे आणि संशोधन करणारे डॉक्टर एकच. त्यांनी नुसतं "भाग घ्याल का?" विचारलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "साहेब, तुम्ही म्हणाल तसं. सही कुठे करू?" माहितीपत्रकाचं पहिलं पानही उलटलेलं नसतं. याला संमती कसं म्हणायचं?

माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या १९६४ सालच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या सुधारित आवृत्तीत यावर उपाय आहे: रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल, तर त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने संमती घ्यावी. पण ओपीडीच्या गर्दीत अशी मोकळी व्यक्ती आणायची कुठून? परिचारिकांना आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. निरक्षर रुग्णासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, तोही बहुतेक वेळा रांगेतलाच कोणीतरी.

सगळ्यात अडतं ते गट ठरवण्यापाशी, म्हणजे कोणाला कोणतं औषध मिळणार हे आजार न बघता निव्वळ योगायोगाने ठरतं, हे समजावताना. "नवीन औषध की नेहमीचं, हे संगणक ठरवतो" असं सांगितलं की लोकांना वाटतं, संगणकाने आपला आजार बघून निवड केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं म्हटलं, तर "माझ्या जिवाचा जुगार का?" (प्रश्न रास्तच आहे म्हणा.)

रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घेणं उपयोगी पडतं, पण वेळ फार जातो. तुमच्याकडे हे कोण करतं? नको म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत, हे कसं पटवता? चाचणीची माहिती ऐकवणारी, नीतिमत्ता समितीने (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने) मान्य केलेली ध्वनिफीत कोणी वापरली आहे का?